कविता न वाचता लिहिलेली कवितेची समीक्षा

प्रति,
माननीय संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

राज्यातल्या अनेक विद्यापीठांत इंग्रजी विषय घेऊन पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना चौदाव्या शतकातल्या जेफ्री चॉसरची कविता अभ्यासाला असते आणि तिच्यावर समीक्षात्मक निबंध लिहावा लागतो. हा निबंध आज ज्या पद्धतीने शिकवला, लिहिला आणि तपासला जातो, त्याविषयी एक निवृत्त प्राध्यापिका म्हणून मला काही सांगायचे आहे. विषय मूठभर लोकांचा वाटेल. परंतु हीच मुले पुढे शाळा-महाविद्यालयांत शिक्षक होतात आणि कविता कशी वाचायची हे पुढच्या पिढीला शिकवतात, म्हणून त्याची चर्चा वर्तमानपत्रात व्हावी असे मला वाटते.

चॉसरचे ‘कँटरबरी टेल्स’ म्हणजे कँटरबरीच्या यात्रेला निघालेल्या लोकांनी वाटेत सांगितलेल्या कथांचे काव्य, आणि त्याच्या प्रस्तावनेत या यात्रेकरूंची वर्णने आहेत. या प्रस्तावनेवरचे उत्तर वाचायला घेतले की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: चॉसर हा इंग्रजी कवितेचा जनक आहे. त्यामागोमाग त्याची लंडनच्या बंदरावरची जकातीची नोकरी, इटलीचे प्रवास, १३४८ साली इंग्लंडात पोहोचलेली प्लेगची साथ, १३८१ चे शेतकऱ्यांचे बंड हे सगळे येते, आणि शेवटी ‘इथे ईश्वराची सारी समृद्धी आहे’ हे अवतरण टाकून उत्तर संपते. यातली माहिती चुकीची नसते आणि भाषाही पुष्कळदा शुद्ध असते. फक्त चार-पाच पानांत कवितेची एकही ओळ नसते. विद्यार्थ्याने यात्रेकरूंची नावे आणि त्यांची एकेक विशेषणे पाठ केलेली असतात, ती विशेषणे कवीने कोणत्या ओळीत, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या तोंडून दिली हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

‘इंग्रजी कवितेचा जनक’ आणि ‘ईश्वराची समृद्धी’ हे दोन्ही शब्दप्रयोग जॉन ड्रायडन या कवीने १७०० साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेतले आहेत. म्हणजे आमचे विद्यार्थी तीनशे वर्षांपूर्वीचा अभिप्राय जसाच्या तसा लिहितात, आणि तोही अशा माणसाचा, ज्याला चॉसरवर मनापासून प्रेम असूनही त्याची ओळ नीट ऐकू येत नव्हती. चॉसरच्या काळी शब्दांच्या शेवटी येणारा दुबळा ‘ए’ अनेक ठिकाणी उच्चारला जाई. पुढे तो भाषेतून गळून गेला, त्यामुळे ड्रायडनला चॉसरच्या कितीतरी ओळी आखूड वाटल्या आणि त्या काळच्या कवींना वृत्त सांभाळता येत नव्हते असे त्याने ठरवून टाकले. टॉमस टिरव्हिट या विद्वानाने १७७५ पासून प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत या उच्चारांचा हिशेब मांडला, तेव्हा त्याच ओळी पुरत्या भरल्या. चॉसरच्या प्रस्तावनेची पहिलीच ओळ मोठ्याने म्हणून पाहावी: ‘ह्वान दाट आप्रील विथ हिस शूरेस सोते’. ‘शूरेस’ची दोन अक्षरे आणि ‘सोते’ची दोन अक्षरे उच्चारली की दहा अक्षरे मोजून मिळतात, आणि पुढच्या ओळीच्या शेवटच्या ‘रोते’शी यमक जुळते. आजच्या इंग्रजीतले रूपांतर वाचणाऱ्याला ही चाल कळण्याचा मार्गच नाही. तरीही वृत्तावर दोन परिच्छेद लिहिणारे विद्यार्थी आहेत आणि त्यांना गुण देणारे परीक्षक आहेत.

समीक्षात्मक निबंध म्हणजे कवितेविषयी एक म्हणणे मांडणे आणि ते कवितेतल्याच पुराव्याने पटवून देणे, अशी माझी साधी समजूत आहे. म्हणणे असे हवे की दुसरा जाणता वाचक त्याला विरोध करू शकेल. ‘चॉसरचे व्यक्तिचित्रण जिवंत आहे’ याला कोणी विरोध करणार नाही, म्हणून ते सिद्ध करण्यात अर्थ नाही. याउलट ‘प्रायोरेसच्या वर्णनात निवेदक जे कौतुक करतो, त्याच कौतुकातून कवी तिच्यातली उणीव दाखवतो’ असे लिहिले की पुढे काम सुरू होते, कारण आता ओळी उघडून दाखवाव्या लागतात.

प्रायोरेस ही नन्सच्या मठाची प्रमुख. तिचे वर्णन पंचेचाळीस ओळींचे आहे. ती मंद हसते, तिचे फ्रेंच लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डचे आहे, कारण पॅरिसचे फ्रेंच तिला ठाऊक नाही. जेवताना तिच्या ओठांतून घास पडत नाही, बोटे रश्श्यात खोल बुडत नाहीत, छातीवर थेंब सांडत नाही, आणि वरचा ओठ ती इतका स्वच्छ पुसते की पेल्यात तेलकटपणाचा ठिपकाही दिसत नाही. पुढे कवी म्हणतो की आता तिच्या सदसद्विवेकाविषयी सांगतो. वाचकाला वाटते, आता गोरगरिबांची सेवा येणार, रुग्णांची शुश्रूषा येणार. येतो तो सापळ्यात अडकलेला उंदीर. तो मेलेला किंवा रक्ताळलेला दिसला तर ती रडते. मग येतात तिची छोटी कुत्री, ज्यांना ती भाजलेले मांस, दूध आणि उत्तम पांढरा पाव खाऊ घालते. नन्सनी मठात कुत्री पाळू नयेत अशा ताकिदी त्या काळचे बिशप पुन्हा पुन्हा देत असत. दया आणि कनवाळूपणा हे शब्द कवी वापरतो, पण त्यांच्या खाली एकही माणूस उभा करत नाही. याच प्रस्तावनेत पुढे एक गरीब पाद्री आहे, जो पावसापाण्यात, गडगडाटात हाती काठी घेऊन दूरदूरच्या घरी चालत जातो आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना देतो. ही दोन वर्णने शेजारी ठेवली की निवेदकाला प्रायोरेसवर टीकेचा एक शब्दही उच्चारावा लागत नाही.

इथपर्यंत कोणताही लक्षपूर्वक वाचणारा विद्यार्थी स्वतःच्या बळावर पोहोचू शकतो, त्याला ग्रंथालयाचीही गरज नाही. ग्रंथालयाची गरज पुढच्या पायरीला लागते. प्रायोरेसच्या जेवणाच्या रीतीचे ते तपशील चॉसरने ‘रोमां द ला रोझ’ या फ्रेंच काव्यातून घेतले आहेत, आणि तिथे ते एका वृद्ध, अनुभवी स्त्रीच्या तोंडी आहेत, जी तरुणींना पुरुषांचे मन कसे जिंकावे हे शिकवत असते. प्रियकर मिळवण्याचे धडे चॉसरने मठाच्या प्रमुखाच्या अंगी लावले. ही माहिती निबंधाच्या सुरुवातीला ‘चॉसरवरील प्रभाव’ या मथळ्याखाली टाकली तर ती मृतवत पडून राहते. तीच या ओळींशी आणून जोडली तर वाचणाऱ्याला थबकावे लागते, आणि वर्णनाच्या शेवटी तिच्या सोन्याच्या पदकावर कोरलेले ‘प्रेम सर्वांना जिंकते’ हे लॅटिन वचन कोणत्या प्रेमाविषयी आहे, असा प्रश्न त्याला पडतोच. कवी त्याचे उत्तर देत नाही. विद्यार्थ्याने द्यायचे असते.

आणि मग तिची कथा. आमच्याकडे बहुधा केवळ प्रस्तावना नेमली जाते, त्यामुळे ही नाजूक बाई पुढे कोणती कथा सांगते हे विद्यार्थ्यांना कळतच नाही. आशियातल्या एका शहरात सात वर्षांचा ख्रिस्ती मुलगा मेरीमातेचे स्तोत्र गात ज्यूंच्या वस्तीतून शाळेला जातो. ज्यू त्याचा गळा कापून त्याला शौचकूपात टाकतात, पण चिरलेल्या गळ्यानेही तो गात राहतो. शहराचा अधिकारी दोषींना रानटी घोड्यांमागे फरफटत नेऊन नंतर कायद्याप्रमाणे फाशी देतो. उंदरासाठी रडणारी प्रायोरेस हे सगळे सात ओळींच्या सुरेख कडव्यांत सांगते, तिच्या आवाजात कुठे कंप नाही, आणि लगेच शेवटी ती प्रार्थना करते की दयाळू परमेश्वराने आपल्या दयेने आम्हा पाप्यांवर मोठी दया करावी. दया हा शब्द त्या दोन-तीन ओळींत घोळून घोळून येतो. त्याच शेवटच्या कडव्यात ती लिंकन शहरातल्या ह्यू नावाच्या मुलाचे नाव घेते आणि ही गोष्ट अगदी अलीकडची आहे असे म्हणते. वास्तविक ह्यूचा मृत्यू १२५५ सालचा, आणि त्याच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून ज्यूंना फाशी दिले गेले होते. १२९० साली पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना इंग्लंडमधून हाकलून दिले. चॉसर लिहीत होता तेव्हा देशातून ज्यूंना हद्दपार करून जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. त्याच्या पहिल्या श्रोत्यांना ज्यू माहीत होते ते मुख्यतः अशाच कथांमधून.

आता निबंध लिहिणाऱ्यापुढे खरी अडचण उभी राहते. ही क्रूरता प्रायोरेसची आहे की कवीची? तिच्या भावविवशतेतला पोकळपणा उघडा करण्यासाठी चॉसरने ही कथा तिच्या तोंडी घातली, असे म्हणण्याचा मोह होतो, कारण मग आपला आवडता कवी निर्दोष सुटतो. पण कविता इतक्या सहज सोडत नाही. कथा संपल्यावर सगळे यात्रेकरू गंभीर होऊन गप्प बसतात, असे निवेदक सांगतो. कोणी हरकत घेत नाही, कोणी तोंड फिरवत नाही. त्या काळात अशा चमत्कारकथा भाविकपणे लिहिल्या आणि ऐकल्या जात होत्या, हेही विसरता येत नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की प्रस्तावनेतला उंदीर आणि कथेतले घोडे यांची सांगड कवीने जाणूनबुजून घातली असावी, परंतु त्या सांगडीमुळे कथेतले विष उतरत नाही, आणि निबंधात ही दोन्ही विधाने एकत्र राहिली पाहिजेत. एखाद्या विद्यार्थ्याने याच्या उलट मत पुराव्यासह मांडले तर मी त्याला तितकेच गुण देईन.

समीक्षकांची नावे कशी वापरावीत, हेही इथेच शिकवता येते. १९५४ साली टॅलबॉट डोनाल्डसन यांनी निवेदन करणारा यात्रेकरू चॉसर आणि कवी चॉसर यांत भेद करायला हवा असे दाखवले: यात्रेकरू भोळा आहे, भेटेल त्याचे कौतुक करतो, आणि त्या कौतुकाआडून कवी बोलतो. १९७३ साली जिल मॅन यांनी ही व्यक्तिचित्रे समाजातल्या प्रत्येक थराच्या दोषांवर टीका करणाऱ्या मध्ययुगीन लेखनपरंपरेत ठेवून पाहिली, आणि त्या टीकेत ज्यांचे नुकसान झाले त्यांना दाखवण्याची रीत असते, पण चॉसर त्या माणसांना नजरेआड ठेवतो, हे लक्षात आणून दिले. या दोन म्हणण्यांना प्रायोरेसच्या ओळींवर तपासून पाहायचे, कुठे पुरतात आणि कुठे अपुरी पडतात ते सांगायचे, हे विद्यार्थ्याचे काम आहे. गाइडमध्ये मात्र समीक्षकांची वाक्ये शिफारसपत्रासारखी परिच्छेदाच्या शेवटी डकवलेली असतात, आणि अलीकडे संगणकाकडून तयार मिळणाऱ्या निबंधांतही तेच दिसते.

चॉसरला जनक ठरवण्याचा आणखी एक तोटा असा की त्याच्याच काळात दुसऱ्या बोलीत, दुसऱ्या छंदात लिहिणारे कवी अभ्यासक्रमातून गळतात. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे वायव्य इंग्लंडच्या बोलीतले २५३० ओळींचे काव्य कोणी लिहिले हे माहीत नाही, ते एकाच हस्तलिखितात उरले आहे, आणि ते हस्तलिखित ज्या संग्रहात होते त्याला १७३१ साली आग लागली होती. त्यातली तीन दिवसांची मांडणी मला विद्यार्थ्यांसाठी आदर्श वाटते. आर्थर राजाचा सरदार गवेन एका गढीत पाहुणा असतो. तिथला यजमान रोज शिकारीला जातो, पहिल्या दिवशी हरणे, दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. आणि त्याच वेळी त्याची पत्नी घरी थांबलेल्या गवेनला मोहात पाडू पाहते. दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचे असा दोघांचा करार असतो. पहिले दोन दिवस गवेन मिळालेली चुंबने यजमानाला प्रामाणिकपणे परत करतो. तिसऱ्या दिवशी, म्हणजे कोल्ह्याच्या दिवशी, तिने दिलेला, जीव वाचवणारा हिरवा पट्टा तो लपवून ठेवतो. शेवटी त्याचे त्यालाच हे भित्रेपण असह्य वाटते, हिरवा सरदार, म्हणजे खरे तर तोच यजमान, मात्र हसून क्षमा करतो, आणि आर्थर राजाचा दरबार तोच पट्टा मानाचे चिन्ह म्हणून मिरवतो. तिघांपैकी कोणाचा न्याय कवीला मान्य आहे, यावर वर्गात तासभर वाद होऊ शकतो, आणि वादातून निघालेला निबंध कोणत्याही गाइडात सापडणार नाही.

मूळ भाषा फार कठीण आहे, ग्रामीण भागातल्या मुलांना ती झेपणार नाही, असे यावर नेहमी सांगितले जाते. हे मला मान्य नाही. याच विद्यापीठांत मराठीचे विद्यार्थी १२९० साली पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी मूळ ओवीत वाचतात, शब्दार्थ आणि टीका हाताशी घेऊन वाचतात, आणि परीक्षेत ओव्या उद्धृत करतात. चॉसरचे इंग्रजी आजच्या इंग्रजीपासून ज्ञानेश्वरीच्या मराठीइतके दूर नक्कीच नाही. अडचण आहे ती सवयीची. शंभर ओळी वर्गात मोठ्याने वाचून घेतल्या, खाली शब्दांचे अर्थ दिले, की भीती जाते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना उलट ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा आजचाच अर्थ घेण्याची खोड सोडावी लागते. मराठी माध्यमातला विद्यार्थी प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहतो आणि म्हणून अनेकदा जास्त अचूक वाचतो, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

काव्याच्या मूळ संहितेविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. चॉसरच्या हातचे ‘कँटरबरी टेल्स’चे एकही पान उपलब्ध नाही. ऐंशीहून अधिक हस्तलिखिते आणि त्यांचे तुकडे उरले आहेत, त्यांतली सर्वांत महत्त्वाची दोन, एक वेल्समध्ये आणि एक कॅलिफोर्नियात आहे, आणि कथांचा क्रम सगळीकडे सारखा नाही. म्हणून अमुक कथेनंतर कवीने तमुक कथा मुद्दाम ठेवली, असे विधान करताना विद्यार्थ्याने आपण कोणती आवृत्ती वापरतो आहोत ते सांगावे.

माझी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे ती प्रश्नपत्रिकेविषयी. जोपर्यंत ‘चॉसरच्या व्यक्तिचित्रणकलेची चर्चा करा’ असे प्रश्न येत राहतील, तोपर्यंत गाइड खपतील, कारण त्या प्रश्नाचे उत्तर कविता न उघडता लिहिता येते. त्याऐवजी मूळ काव्यातल्या वीस-पंचवीस ओळी प्रश्नपत्रिकेतच छापाव्यात, अवघड शब्दांचे अर्थ खाली द्यावेत आणि त्या ओळींवरच नेमका प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, यात्रेकरूंपैकी ‘बाथची बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीला थोडे कमी ऐकू येते असा उल्लेख प्रस्तावनेत येतो. त्याचे कारण तिच्या स्वतःच्या प्रास्ताविकात कळते, ते असे की पाचवा नवरा दुष्ट बायकांच्या गोष्टींचे पुस्तक वाचून दाखवत असताना तिने त्याची पाने फाडली आणि त्याने तिला मारले. दोन्ही ठिकाणच्या ओळी छापून, ही माहिती कवीने आधी कारणाशिवाय आणि नंतर कारणासह का दिली, असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर घोकून येणे शक्य नाही. त्यासाठी अभ्यासक्रमाचा विस्तार कमी करावा लागला तरी चालेल. सगळ्या यात्रेकरूंची यादी पाठ करण्यापेक्षा चार वर्णने आणि एक पूर्ण कथा मुळातून वाचलेली बरी.

परीक्षकांसाठीही तशाच सूचना निघायला हव्यात. चरित्र आणि कालखंड यांवरच्या परिच्छेदांना, ते कवितेतल्या एखाद्या ओळीशी जोडलेले नसतील तर, गुण देऊ नयेत. आणि ज्या उत्तरात विद्यार्थ्याचे स्वतःचे म्हणणे आहे, ते दोन पानांचेच असले आणि त्याच्या इंग्रजीत चार चुका असल्या तरी, त्याला पानांच्या संख्येवरून मागे टाकू नये. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या नमुना प्रश्नपत्रिका तयार होण्यापूर्वी अभ्यास मंडळांनी याचा विचार करावा आणि तोपर्यंत महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी निदान अंतर्गत मूल्यमापनाच्या निबंधांना ही पद्धत लावून पाहावी, कारण त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
इंग्रजी साहित्याची एक निवृत्त प्राध्यापिका
सातारा